पाऊण तास उशिराचे पाणी

भूगोलबाई फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढत तेव्हा खडू एकदाच टेकत. काश्मीरपासून निघाल्या की कराचीवरून खाली काठेवाडचे नाक, मग कोकणची सरळ किनार, कन्याकुमारीला मनगटाचा एक लहानसा हिसका, आणि पूर्वेच्या बाजूने वर मद्रास, कलकत्ता, आसाम करत पुन्हा काश्मीर. मध्ये खडू उचलायचा नाही, मागे सरून बघायचे नाही, पुसायचे तर मुळीच नाही. रेघेला रेघ मिळाली की हात झटकून त्या मुलींकडे वळत आणि म्हणत, "हं. आता यात राहा." आणि हा सगळा देश एका दमात काढणाऱ्या बाई स्वतः उत्तरेला साताऱ्यापलीकडे एकदाच, पुण्याला शिकायला म्हणून गेल्या होत्या. नैर्ऋत्येला कोल्हापूर. पूर्वेला मिरज. पश्चिमेला तर कृष्णेच्या नावेतून पलीकडच्या तीराला उतरण्यापुरत्याच.

त्या माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. लहान वयात वैधव्य आले, तेव्हा आजोबांनी लोकांचे न ऐकता त्यांना पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडले. तिथून त्या सांगलीच्या मुलींच्या शाळेत आल्या आणि अठरा वर्षे वरच्या वर्गांना भूगोल व खालच्या वर्गांना पाढे शिकवत राहिल्या. गावात त्यांना सगळे भूगोलबाईच म्हणत. घरीही तेच. माझे वडील साताऱ्याला वकील होते. ते सांगलीला आले की ओसरीतूनच हाक देत, "भूगोलबाई, चहा कुठल्या दिशेला आहे?"

त्या हाकेला कारण होते. आत्याच्या घरात डावे-उजवे हे शब्द चालत नसत. "ती पश्चिमेची खिडकी लाव, धूळ येतेय." "लाडू ईशान्येच्या डब्यात आहेत, आग्नेयेच्या नाही, तिथं डाळ आहे." एकदा शेजारच्या काकू विहिरीपाशी पाय घसरून पडल्या. आत्या धावत गेली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठला पाय दुखतोय, उत्तरेचा का दक्षिणेचा?" काकू विव्हळता विव्हळता हसू लागल्या आणि हसत उठल्या.

मी पाचगणीला इंग्रजी शाळेत बोर्डिंगमध्ये होते. हिवाळ्याच्या लांब सुटीत काही आठवडे वडील मला आत्याकडे ठेवत. माझे मराठी सुधारावे हा हेतू. प्रत्यक्षात मी तिच्याकडे फारशी बोलतच नसे. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत लोकांचा विषय बदललेला असे, आणि चुकीचे बोलून हसे करून घेण्यापेक्षा गप्प राहणे मला सोयीचे वाटे. पाहुण्या बायका म्हणत, "पोरगी मुकी आहे का हो?" आत्या म्हणे, "मुकी नाही. ती बघतेय." एवढे बोलून ती विषय संपवी. मला बोलते करायचा प्रयत्न तिने कधी केला नाही, आणि त्यामुळे तिच्यापाशीच मी त्यातल्या त्यात जास्त बोलले असेन.

शाळेत पृथ्वीचा गोल होता, पण तो मोठ्या बाईंच्या कपाटात कुलूपबंद. साहेब तपासायला आले की तेवढा बाहेर निघे. आत्याने त्याला पर्याय काढला होता. ती बाजारातून मोठे पपनस आणी, त्यावर शाईने खंड काढी, मधून एक सुई आरपार घाली, आणि दिव्यासमोर फिरवून दिवस-रात्र दाखवी. तास संपला की पपनस सोलले जाई. "आफ्रिका कोणाला हवी? ऑस्ट्रेलिया लहान आहे, तो शांतेला द्या, तिला खोकला आहे." त्या शाळेतून गेलेल्या कितीतरी बायकांना आजही पपनसाची फोड खाताना आपण कुठले खंड खातो आहोत असा प्रश्न पडत असणार.

वाद झाला की तिचे एकच वाक्य असे, "पुस्तक काढा." पान, ओळ, सगळे पाठ. बोट ठेवून दाखवी आणि वाद मिटे. अठरा वर्षांत तिचे बोट कधी चुकीच्या ओळीवर पडले नव्हते. तिचा हा लौकिक होता, आणि तिला त्याचा अभिमान होता, हे मी कितीही प्रेमाने लिहिले तरी लपवता येणार नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सांगलीला आले तर आत्या नेहमीसारखी नव्हती. डब्यांच्या दिशा चुकत होत्या. दोन दिवसांनी शाळेचा शिपाई तात्या रॉकेल घेऊन आला, तेव्हा मला कळले.

तात्याची भाची हिरा ही कुंडल गावची. सातवीच्या फायनलच्या परीक्षेसाठी मामाकडे राहून शिकत होती. तिचा थोरला भाऊ पलटणीत होता, अजून सुटून आला नव्हता. वर्गात भरती-ओहोटीचा धडा चालू होता. आत्याने नेहमीप्रमाणे सांगितले: सहा तास भरती, सहा तास ओहोटी, दिवसातून दोनदा, आज पहाटे साडेचारला पाणी भरले तर उद्याही साडेचारलाच भरणार. हिरा उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझ्या दादानं लिवलंय, भरती रोज पाऊण तास उशिरा येती. त्यो बंदरावर म्हैनाभर जहाजात बसून हुता."

आत्या म्हणाली, "तुझ्या दादाचं घड्याळ रोज पाऊण तास पुढं पळत असेल. लढाईवरून परत आला की दुरुस्तीला टाक म्हणावं."

सगळा वर्ग हसला. तोंडी वाक्य म्हणून ते चांगलेच होते. हिरा खाली बसली नाही. "दादाचं घड्याळ बराब्बर हाय," एवढे म्हणून ती तास संपेपर्यंत उभीच राहिली. ही हकीकत कुंडलला पोचली, ती अशी की पोरीने भर वर्गात बाईला उलट उत्तर दिले. तिच्या वडिलांनी तिला घरी बोलावून घेतले. शाळा बंद.

"बाई, आता काय सांगू तुमास्नी," तात्या उंबऱ्यात उकिडवा बसून म्हणाला, "दाजी म्हणत्यात, ही आजच बाईला उलट बोलतीया, उद्या सासूला बोलंल. लय समजावलं. ऐकंना झाल्यात."

"मी पत्र लिहिते त्यांना," आत्या म्हणाली.

"काय लिवनार? पोरगी चुकली, माफ केली, आसं? त्यानं त्येंचंच खरं हुतंय की."

तात्या गेल्यावर तिने पुस्तक काढले. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, एवढेच त्यात होते. सहा तासांचे गणित तिचे तिने केले होते. चोवीस भागिले चार. तिने ते पान बराच वेळ उघडे ठेवले, आणि मग मला विचारले, "तू समुद्र पाहिलायस?"

मी म्हणाले, मुंबईला एकदा, मोटारीतून.

"मी नाही पाहिला," ती म्हणाली. मला वाटते हे वाक्य तिने आयुष्यात प्रथमच मोठ्याने म्हटले असावे.

चार दिवसांनी आम्ही निघालो: आत्या, मी, आणि सोबतीला तात्या. कोकणातल्या एका लहान बंदरावर तिची जुनी विद्यार्थिनी कुसुम होती, पोस्टमास्तरांना दिलेली. तिला तार करून ठेवली होती. पेट्रोलची टंचाई अजून सरली नव्हती. कोल्हापूरहून सुटणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि घाटात दमे. दोनदा सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. आत्या पदर खोचून ढकलत होती आणि तात्याला सांगत होती, "नैर्ऋत्येला जोर लावा, तात्या." तात्या म्हणाला, "आवं बाई, मोटार म्होरं जाऊ दे मजी झालं. तिला कुटं नैरुत्य कळतंय!"

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. तात्या म्हणाला, "पानी ते पानी. आमची कृष्णाबाई काय कमी हाय व्हय? उगं ह्या खाऱ्यापायी हाडं मोडून घेतली."

दुसऱ्या दिवशी, षष्ठीला, पहाटेच कुसुमने आम्हाला धक्क्यावर नेले. खाडीचे मुख तिथे जवळच होते. कुसुमने नारळाचे एक सोडण पाण्यात टाकले. तिथली मुले असेच खेळतात म्हणे. सोडण खाडीच्या आत, पूर्वेकडे तरंगत चालले. मग मंदावले. मग एका जागी उभे राहिले, आणि थोड्या वेळाने जसे काही विसरलेले आठवावे तसे उलट, पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने निघाले. "पाणी फिरलं, बाई," कुसुम म्हणाली. आत्याने कंदिलापाशी मनगट नेले. साडेचार.

त्याच दिवशी पोस्टमास्तरांनी एका तांडेलाला घरी बोलावले. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. वयस्क, काळाभोर, डोक्याला लाल टोपी. बायका होडीत येणार हे ऐकून त्याने मान हलवली.

"बाईमानूस होडीत? नाय बा. जाळ्याला बरा नाय."

"मी मासे धरायला येत नाही," आत्या म्हणाली, "मी घड्याळ धरायला येते."

तांडेल तिच्याकडे पाहत राहिला. मग हसला. "बरा. उद्या पानी फिरलं की सुटू. वक्तावर या. पानी कुनाची वाट बगत नाय."

"उद्या साडेचारला आम्ही हजर," आत्या म्हणाली.

मी पाहिले, तांडेलाने तोंड उघडले होते. पण बोलण्याआधी त्याने कुसुमकडे बघितले, आणि कुसुमने खाली. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि ती चहा आणायला आत गेली. तांडेलही मग काही न बोलता उठला. मला ते दिसले, पण मी आत्याला सांगितले नाही. सांगायची मला सवय नव्हती.

सप्तमीच्या पहाटे साडेचारला आम्ही तिघे धक्क्यावर होतो. होडी होती, माणूस एकही नव्हता. आत्याने एक सोडण बरोबर आणले होते. तिने ते पाण्यात टाकले. ते आत चालले, पूर्वेकडे. आत्या घड्याळ बघत राहिली. साडेचार झाले, पाचला वीस कमी, पाचला दहा कमी. पहिले सोडण दिसेनासे झाले तेव्हा तात्याने दुसरे शोधून आणले. तेही आतच गेले.

"फिरंना झालंय," तात्या हळूच म्हणाला.

कंदिलाच्या उजेडात आत्याचा चेहरा मी पाहत होते. समोर पाणी येत होते, शांतपणे, आपल्या वेळेने, आणि अठरा वर्षांत शिकवलेल्या मुली एकेक करून तिला आठवत असाव्यात. पाच वाजले. सोडण अजून आतच. सव्वापाचला ते थांबले, उभे राहिले, आणि फिरले.

"पाऊण तास," आत्या म्हणाली.

तेवढ्यात तांडेल आणि त्याची चार माणसे जाळे खांद्यावर घेऊन आली. आम्हाला बसलेले बघून तो म्हणाला, "रात्रभर हितंच होतात काय, बाई?"

"तुम्हाला वेळ कशी कळते? घड्याळ तर नाही तुमच्याकडे."

"घड्याल कशाला? तिथीची पाऊनकी करायची. आज सप्तमी ना? सात पाऊन सव्वापाच. काल सहा पाऊन साडेचार. उद्या आठ पाऊन सहा. माझ्या बापासनं चाललंय."

"शाळेत कुठवर गेलात?"

"शाळेच्या वळचनीला पावसात उभा रायलोय, तेवडाच."

आत्या हसू लागली. मला आधी वाटले ती रडते आहे. पाऊणकी! ती स्वतः दुसरीच्या मुलींकडून रोज सकाळी हा पाऊणाचा पाढा घोकून घेत असे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. शाळेच्या एका खोलीत ती पाऊणकी शिकवत होती आणि भिंतीपलीकडच्या खोलीत सहा तासांची भरती. दोन्हींमध्ये दार नव्हते.

पाणी उतरत होते, त्यानेच होडीला खाडीबाहेर ओढले. वल्ही नुसती दिशेपुरती. मुखापाशी लाटांनी होडी पहिल्यांदा उचलली आणि तात्याने दोन्ही हातांनी काठ धरला. "बाई, आमी पवनारं मानूस हाय," तो म्हणाला, "पूरात भोपळ्याची सांगाडी घातलीय म्या. पन हे पानी जाग्यावर न्हाई ओ!" एवढे म्हणून तो काठावरून वाकला. तांडेल म्हणाला, "दर्यात कर रे बाबा, जाळ्यात नको."

उजेड मागून आला, सह्याद्रीच्या बाजूने. पुढे मात्र बराच वेळ काळेच होते. जाळे सोडले, गोल फिरून ओढायला घेतले. आत्याने विचारले, "मी दोर धरू?" तिने जन्मात माशाला हात लावला नव्हता. माणसे एकमेकांकडे बघू लागली. तांडेल म्हणाला, "धरा. घड्याल झाला धरून." तिने नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या हाकेवर, दोर ओढला. तळहात सोलले गेले. जाळ्यात बांगडे उसळले तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. प्रत्येक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघायची आणि मगच बोलायचे, असे तिने बहुधा त्याच सकाळी ठरवले असावे.

परत आल्यावर तिने हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कुसुम चुलीपाशी होती.

"कुसुम, तुला इथं किती वर्षं झाली?"

"अकरा, बाई."

"म्हणजे अकरा वर्षं तुला ठाऊक होतं. मी चुकीचं शिकवते ते."

कुसुमने फुंकणी खाली ठेवली. "पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग एक कार्ड का नाही टाकलंस?"

"तुम्हाला? तुम्हाला कसं लिहायचं, बाई?" कुसुमचे डोळे भरले. "बाईंना चूक म्हणायचं? माझ्या मुलीला मी बरोबर सांगितलं. पण तुमचं नाव नाही घेतलं."

आत्या पाटावर बसली. "बघ हं. तू मला मान दिलास, आणि त्या मानापायी अकरा वर्षं अकरा वर्ग चुकीचं शिकले. आणि जी एक पोरगी मान न ठेवता बोलली, तिची शाळा सुटली." मग कुसुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझी चूक नाही. आम्हीच तुम्हाला असं वाढवलं."

सांगलीला परतल्यावर ती एक दिवस थांबली, तोही हात सुजले होते म्हणून. मग रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आम्ही कुंडलला गेलो. हिराचे वडील शेतावर होते. गुऱ्हाळ चालू होते. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, दहा-बारा माणसे भोवती. आत्याला बघून त्यांनी घाईने पटका सारखा केला.

"आवं बाई, तुमी कशापायी आलासा? मी पोरीला माफी मागाय धाडनारच हुतो."

"माफी मागायला मी आलेय," आत्या म्हणाली. आवाज वर्गातला होता, काहिलीभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुमची हिरा बरोबर होती. मी चुकले होते. मी समुद्रावर जाऊन बघून आले."

काहिलीतला रस ढवळणारा माणूस थांबला. हिराच्या वडिलांनी इकडेतिकडे पाहिले. "बाई, असं चारचौघांत म्हनू नगा. मास्तरीण चुकती म्हटल्यावर पोरींनी ऐकायचं कुनाचं?"

"जी बरोबर असेल तिचं."

"पन ती उलट बोलली ते बोललीच की."

"उलट नाही बोलली. बरोबर बोलली."

"बाई," ते सावकाश म्हणाले, "बरोबर बोल्लेलंच लय बोचतंय. सासरी तर जास्तच. पाटनकडं सोयरीक ठरवलीया तिची. वैशाखात बार हाय."

मला वाटले संपले. आत्याने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "वैशाखात ना? परीक्षा चैत्रात आहे."

मागून तात्या म्हणाला, "दाजी, चैत आदी येतोय, वैशाख मागनं. पुस्तकात हाय."

माणसे हसली. हिराचे वडीलही हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. "बरं. परीक्षा हू द्या. म्होरचं म्होरं."

हिरा पलीकडे चिपाडाच्या ढिगाआड उभी होती. सगळे ऐकत होती. ती पुढे आली आणि तिने शाळेबद्दल काहीच विचारले नाही.

"बाई, खरंच उशिरा येतंय पानी?"

"रोज पाऊण तास."

"मग दादाचं घड्याळ बराब्बर हुतं."

"हो गं," आत्या म्हणाली. "बरोबर होतं."

सोमवारी आत्या मला वर्गात घेऊन गेली आणि शेवटच्या बाकावर बसवले. मग हिराला फळ्यापाशी उभे केले, तिच्या हातात खडू दिला, आणि स्वतः येऊन पहिल्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसली. "भरती-ओहोटीचा धडा पुन्हा होईल," ती म्हणाली. "मी शिकवलेला पुसून टाका. आज हिरा शिकवेल."

तांडेलाचे तिथीचे गणित आत्याने तिला आधी सांगून ठेवले होते, तरी हिराला शब्द सुचेना. खडू हातात तसाच. मुली हसावे की नाही या पेचात. तेव्हा पहिल्या बाकावरून आत्याने हात वर केला.

"बाई, एक शंका आहे. आज अष्टमी असेल तर पाणी किती वाजता भरेल?"

हिराने आत्याकडे पाहिले, मग फळ्याकडे तोंड केले आणि पाठमोरीच म्हणाली, "आठ पाऊन सहा." सगळ्या वर्गाने तो पाढा पुढे उचलला.

इथे कोणीही थांबले असते. आत्या थांबली नाही. पोस्टातून कार्डांची चवड आणून तिने जुन्या विद्यार्थिनींचे पत्ते गोळा करायला सुरुवात केली. सुटीभर मी तिच्याबरोबर बसून कार्डे लिहिली. तिच्या तळहाताला अजून पट्टी होती. मजकूर ठरलेला: "मी तुम्हाला भरतीची वेळ चुकीची शिकवली. ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. मुलांना सांगताना सुधारून सांगावे. माझी आणखी काही चूक आढळल्यास अवश्य कळवावे." शाळेतल्या इतर बाईंना हे वेडेपण वाटले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, शाळेची लाज जाते." आत्या म्हणाली, "लाज गेली की जागा होते. मग काहीतरी नीट ठेवता येतं."

उत्तरे आली. बहुतेकांनी लिहिले, बाई, तुम्ही भरतीचे काय सांगितले होते ते आठवतच नाही, पपनस तेवढे आठवते. आत्या एक दिवस खट्टू झाली. पण नंतर दुसरी उत्तरे येऊ लागली. धारवाडच्या एकीने पावसाची चूक काढली. नागपूरच्या एकीने उन्हाळ्याची. कुसुमचे तर पाच पानी पाकीट आले, अकरा वर्षांचे साठलेले. आत्याने एक वही घातली आणि तिच्यावर 'चुका' असे लिहिले. रोज तासाच्या आरंभी ती त्यातली एक वाचून दाखवी. मुली म्हणत, आधी चूक, मग धडा. पुढे पुढे मुली स्वतः चुका शोधून आणू लागल्या आणि त्यातल्या निम्म्या चुका चुकीच्या निघत. त्यांनाही ती वहीत जागा देई.

हिरा परीक्षा पास झाली आणि वैशाखात पाटणला नांदायला गेली. त्यानंतर तिचे काही कळले नाही.

तीन वर्षांनी आत्या आजारी पडली. माझे कॉलेज सुरू झाले होते. दिवाळीत मी तिच्याकडे आले तेव्हा तिची दृष्टी खूप उणावली होती. टपाल मीच वाचून दाखवी. एके दिवशी दुपारी एक कार्ड आले, पेन्सिलीने लिहिलेले, अक्षर मोठे.

"कुणाचं?"

"हिराचं. पाटणहून."

आत्या उशीवर थोडी वर सरकली. "वही घे. काय चूक काढलीय?"

मी वाचले. "तीर्थरूप बाईंस, शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितले होते की कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेला वाहते आणि तिथे एकदम पूर्वेला वळते. मी पोराला कडेवर घेऊन जाऊन बघून आले. सकाळी उन्हाकडे तोंड करून उभी राहिले होते. नदी तशीच वळते. तुमचे बरोबर आहे. कळावे."

आत्याने कार्ड हातात घेऊन चाचपले.

"बरोबर आहे, एवढं सांगायला तिथवर गेली?"

"हो."

"पोर घेऊन?"

"तसं लिहिलंय."

"वहीत लिही."

मी म्हणाले, "आत्या, ही चुकांची वही आहे."

"मग मागच्या पानापासून सुरू कर," ती म्हणाली, आणि दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून झोपली.

ती मार्गशीर्षात गेली. वही माझ्याकडे आहे. पुढून ती जवळजवळ भरली आहे. मागून एकच ओळ आहे: कोयना, हेळवाक, हिराने पाहून सांगितले, बरोबर.